बब्रुवान भावजींची उडी

आमच्या घरात एक माणूस असा आहे, जो जेवायलासुद्धा धड बसत नाही. ताटावर आला की एक पाय दुमडणार आणि दुसरा उभाच ठेवणार. कोणी हाक मारली तर उठायला बरं! आता दुपारच्या जेवणाच्या वेळी त्याला कोण हाक मारणार आहे, ही गोष्ट वेगळी. हे माझे धाकटे दीर, बब्रुवान. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटत होती. आता मिशा पिकल्या, पण पायाला भिंगरी आहे ती आहेच.

त्या भिंगरीनं त्यांना काय काय करायला लावलं! भूम ते बार्शी जीप चालवली. ठिबक जोडायची कामं घेतली. लग्नाचे मांडव घातले. एक हंगाम हार्वेस्टरवाल्यांबरोबर कुठं कुठं हिंडून आले, ते हाडं दिसेपर्यंत वाळून. धंदा वाईट चालला म्हणून एकही सोडला नाही, चांगला चालायला लागला की सोडला. शेवटी आमच्या मालकांनी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावानं, त्यांना घरच्या खव्याच्या भट्टीवर आणून उभं केलं. कढईतलं दूध आटेपर्यंत उलथनं हलवत राहायचं, हात थांबला की खाली लागलंच. ज्याला एका जागी उभं राहता येत नाही, नेमकं त्यालाच आम्ही तिथं उभं केलं. मग खवा करपला की पुन्हा त्यांनाच बोलायचं. कुंथलगिरीचा पेढेवाला एकदा म्हणाला, "तुमच्या खव्याला अधूनमधून धुराचा वास येतो." मी मनात म्हटलं, धुराचा नाही बाबा, बब्रुवानचा येतो.

कारण मध्येच ते गायब व्हायचे आणि भिजून परत यायचे.

आमची विहीर जुनी, दगडानं बांधलेली. मोट चालायची तेव्हाचे दोन दगडी खांब अजून काठावर उभे आहेत. भावजी त्या खांबावर चढायचे. खाली पोरंसोरं ओरडत असायची, "काका, मुटका! काका, सूर!" पण त्यांचं कोणाकडं लक्ष नसायचं. खांबावर उभे राहिले की हा माणूस निश्चल व्हायचा. पाय हलत नव्हते की बोटं नाचत नव्हती. एवढं शांत मी त्यांना झोपेतही पाहिलेलं नाही, झोपेतही ते लाथा मारतात असं माझी जाऊ प्रेमा सांगते. मग ते हात वर करून सरळ पाण्यात सूर मारायचे, आणि पाण्यावर नुसती एक रेघ उठायची. तळाचा चिखल मुठीत घेऊनच वर यायचे. मूठ उघडून दाखवायचे आणि लहान मुलासारखे हसायचे.

मला राग यायचा. थोडा हेवाही वाटायचा, कशाला खोटं बोलू? मला पोहता येत नाही. आमच्या भागात पोहायला शिकायचं तर आधी पाणी पाहिजे, आणि ते चार वर्षांतून एकदा येणार. पाण्यावाचून मरणाऱ्यांचा हा मुलूख म्हणतात लोक, पण पाण्यात बुडून मरणारेही इथं काही थोडे नाहीत.

प्रेमा ही भावजींची बायको, माझी धाकटी जाऊ. गरीब गाय. तिनं नवऱ्याची एकही उडी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. विहिरीकडून पोरांचा कालवा ऐकू आला की ती घरात जायची, दळणाच्या डब्याला टेकायची आणि पदर तोंडात धरून उभी राहायची. कालवा पुन्हा उठला, म्हणजे भावजींचं डोकं वर आलं, की बाहेर येऊन कामाला लागायची. भावजींना हे माहीत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं, माहीत होतं.

मग एका वर्षी विहिरीत पाण्यातल्या मोटारीचा लोखंडी पाइप थोडा सरकला होता, तो वरून कोणाला दिसला नाही. भावजींची बरगडी त्यावर आपटली. धाराशिवच्या दवाखान्यात प्रेमा बाकावर बसून होती. पाणीसुद्धा प्यायली नाही. घरी आल्यावर तिनं देवघरासमोर पाट मांडला आणि नवऱ्यापुढं बेलभंडारा ठेवला.

"उचला," ती म्हणाली, "आन् म्हणा, हितून पुढं कुठल्याच विहिरीत उडी घालणार न्हाय म्हणून."

भावजी हसले. "अगं, पाइप सरकला हुता. म्या न्हाय सरकलो."

"उचला."

त्यांनी उचलला. बेलभंडारा उचलून शब्द मोडणारा माणूस आमच्या गावात अजून निपजलेला नाही, त्यामुळं प्रेमा त्या रात्री पोटभर जेवली. मला मात्र भावजींचा चेहरा पाहून धड वाटेना. वाघाला शाकाहाराची शपथ घातली तर तो उपाशी मरेल किंवा दुसरं काहीतरी शोधेल, एवढं मला कळत होतं. पण नवरा-बायकोच्या मध्ये बोलायचं तरी कोणी?

पुढची वर्षं कोरडी गेली, म्हणून शपथ निभली. विहिरीलाच पाणी नाही, तर उडी कुठं घालणार? आणि मागच्या साली पाऊस असा झाला की ओढ्यानं शेतं खरवडून नेली आणि विहीर तुडुंब भरली. पायरीवर बसून हातानं पाणी घ्यावं, इतकं वर आलं. गावची सगळी पोरं दिवसभर विहिरीत. इकडं भट्टीवर भावजी. पोरांचा एकेक धप्प आवाज आला की त्यांच्या हातातलं उलथनं क्षणभर थबकायचं. उभ्या उभ्या ते टाचा वर करायचे, खाली टेकायचे. जेवण कमी झालं. कोणाशी नीट बोलेनात. प्रेमाला वाटलं, सुटली सवय. मला तर घरात विजेची उघडी तार पडल्यासारखं वाटायचं. पाय कुठं ठेवावा कळत नव्हतं.

एका दुपारी ते "जरा शेताकडं जाऊन येतो" म्हणून गेले. आमचे मालक खवा घेऊन भूमला गेले होते, प्रेमा माहेरी. मी उलथनं हातात घेतलं. एक कढई उतरली, दुसरी उतरली, माणसाचा पत्ता नाही. फोन त्यांचा भट्टीपाशीच वाजत होता. मी आधी विहिरीवर गेले. पोरं म्हणाली, काका इकडं आलेच न्हायत. विहिरीवर नाहीत म्हणजे कुठं असतील ते मला तिथल्या तिथं समजलं, शपथ फक्त विहिरीची होती.

आमच्या शेताला लागून आण्णासाहेबांचं शेततळं आहे. चारी बाजूंनी उतार, त्यावर काळा प्लॅस्टिकचा कागद, भोवती तारेची जाळी. ते विहिरीपुढं काहीच खोल नाही. पण कागदावर शेवाळ धरलेलं असतं. आत गेलेलं कुत्रंसुद्धा वर येऊ शकत नाही. म्हणूनच लोक तळ्याला दोर बांधून ठेवतात. आण्णासाहेबांचा दोर त्या पावसात वाहून गेला होता, हे भावजींनाही माहीत होतं. पण ज्यानं मोटेच्या खांबावरून तळ गाठलेला, तो उताराच्या तळ्याला काय भिणार? उद्या परातीत बुडाल म्हटलं तर तुम्ही हसालच ना, तसंच.

जाळीवर सदरा अडकवलेला दिसला. खाली चपला. मी हाक मारली.

"वैनी, वरडू नका." आवाज अगदी बारीक आला. "तुमी वरडलात की म्या हलतो."

मी जाळीच्या फटीतून आत शिरले. भावजी तळ्याच्या मधोमध उताणे पडले होते. पाण्याबाहेर फक्त तोंड आणि पायाची बोटं. हात पसरलेले. बाजूच्या काळ्या कागदावर ओरखडेच ओरखडे होते आणि काही ठिकाणी रक्ताचे फराटे. चढायचा प्रयत्न करून करून नखं गेली होती. विहिरीत दगडाची कपार तरी असते, तिथं बोटं घालून माणूस दम घेतो. इथं धरायला काहीच नव्हतं. शेवटी दम संपायच्या आत ते पाण्यावर पडून राहिले. जो माणूस आयुष्यात घटकाभर स्वस्थ बसला नाही, तो दुपारपासून जिवाच्या भीतीनं निपचित पडला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ऊन डोक्यावर हुतं तवापासून. वैनी, आता पोटऱ्या वळायला लागल्यात."

माझा फोनही भट्टीवर. विहिरीवरच्या पोरांना बोलवायला गेले असते तर परत येईपर्यंत काय झालं असतं कोणास ठाऊक. कडेला ठिबकच्या जुन्या नळ्यांचं भेंडोळं पडलं होतं. मी त्या तीन पदरी केल्या, एक टोक जाळीच्या लोखंडी अँगलला गुंडाळलं आणि दुसरं फेकलं. नळी हलकी, वाऱ्यानं परत आली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा टोकाला भावजींचीच चप्पल बांधून फेकली, तेव्हा ती त्यांच्यापर्यंत गेली. त्यांनी ती काखेतून छातीला बांधली आणि पोटावर सरपटत वर यायला लागले. ते वीतभर चढले की मी नळीचा एक वेढा अँगलला टाकायची आणि मागं रेलून बसायची. माझ्या जाड अंगावरून गावानं आजवर बरेच विनोद केले, पण त्या दिवशी माझं वजनच कामाला आलं. एकदा ते घसरले आणि पुन्हा पाण्यात गेले. पाणी डोक्यावर मिटलं. ते वर येईपर्यंत प्रेमा दळणाच्या डब्याला टेकून इतकी वर्षं काय गिळत होती, ते मला समजलं. उडी मारणाऱ्याला पाणी तरी लागतं. काठावरच्याच्या पायाला काहीच लागत नाही, तो अधांतरीच.

अखेर ते बांधावर आले आणि पालथे पडले. मी त्यांच्या पाठीत जेवढ्या बसतील तेवढ्या चापट्या घातल्या.

"काय मिळालं? काय मिळतं त्यात, ते तरी सांगा!"

त्यांनी तोंडातलं पाणी थुंकलं. मग म्हणाले, "पाय सुटल्यावर आन् पाणी लागायच्या आत, वैनी. तेवढ्यात म्या कुणाचाच नसतो. भट्टीचा न्हाय, भावाचा न्हाय, बायकूचा न्हाय. लई हलकं वाटतं."

मला संताप आला. आम्ही सगळे काय त्यांच्या अंगावर दगड बांधून बसलो होतो? आणि मग पुढचं वाक्य मनात आलं, जे मी त्यांना बोलले नाही. मलाही कधीतरी तेवढं हलकं व्हायचं होतं. व्हायला जागाच सापडली नाही.

"प्रेमाला सांगू नका," ते म्हणाले.

मी सांगितलं. का नाही सांगायचं? ती दुसऱ्या दिवशी माहेराहून आली, तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती हंबरडा फोडेल. ती रडली नाही. देवघरात गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि नवऱ्यापुढं उभी राहिली.

"शपथ माझी हुती, म्या मागं घेतली. देवाला तसं सांगितलंय." तिनं पदर खोचला. "हिरीत तुमी कधीच मेला नसता. माझ्या बेलभंडाऱ्यानं तुमाला त्या कागदात ढकललं. चला."

"कुठं?"

"हिरीवर. आता उडी घालायची तर माझ्यासमोर घाला. म्या बघणार हाय."

आम्ही तिघं गेलो. दिवस कलला होता, पोरं घरी गेली होती. पाणी काठापाशी आलेलं, स्वच्छ, खालच्या पायऱ्या दिसत होत्या. प्रेमा काठावर बसली. हात दगडावर असे घट्ट दाबून बसली होती की बोटं पांढरी पडली होती, पण डोळे उघडे होते.

भावजी खांबावर चढले. मी त्यांच्या त्या शांत होण्याची वाट पाहत होते. ते शांत झालेच नाहीत. त्यांनी हात वर केले, खाली घेतले, पुन्हा वर केले. मग खांबाला धरून हळूहळू उतरले, म्हातारा माणूस एसटीतून उतरतो तसे, आणि खालच्या दगडावर बसले.

इतकी वर्षं जिनं हाच दिवस देवाकडं मागितला होता, ती प्रेमा ताडकन उठली. तिनं त्यांचे दोन्ही दंड धरले आणि गदागदा हलवायला लागली.

"मारा की वो उडी! मारा की! म्या न्हाय काय म्हणत आता! मारा!"

भावजी पाण्याकडं बघत होते. हात लांब केला असता तर बोटं भिजली असती, एवढं ते जवळ होतं.

"नगं प्रेमा," ते म्हणाले, "आज पाणी लई खाली गेल्यावानी दिसतंय."