शेरडं नकोत, पैसे हातात द्या

"तोंड उघडा आजी, दात बघू."

टेबलामागचा माणूस मला म्हणत व्हता. तिशीचा असंल. गळ्यात संस्थेचं कार्ड. डिंभ्याचं धरण भरायला लागून थोडीच वर्सं झाली व्हती तवाची गोष्ट. शाळेपुढं मांडव घातला व्हता. शहरातली एक संस्था साठीच्या वरच्या म्हाताऱ्यांना शेरडं वाटणार व्हती. माझ्याकडं जन्माचा दाखला न्हाई. आमच्या डोंगरात कुणाकडंच नव्हता. मग वय ठरवायला त्यानं ही तोड काढली.

मी उघडलं तोंड.

माझा जलम शेरडांमागं गेला. बाजारात शेरडू घेताना मी असाच त्याचा जबडा उघडते. दोन दाती, का चार दाती. त्या दिवशी माझा उघडला. पुढं खुर्च्यांवर बसलेली शहरातली मंडळी हसली. एक बाई तोंडाला रुमाल लावून हसली. माझ्या मागं भिकादादा उभा व्हता. माझा शेजारी, डोळ्यानं अधू. त्यानं नुसतं ऐकलं, आन् पाळी यायच्या आधीच टोपी काढून, तोंड उघडून उभा ऱ्हायला.

ते मला लई लागलं. माझ्यापेक्षा त्याचं लागलं.

मला दोन शेळ्या दिल्या. उंच, लांब कानाच्या, कोरड्या मुलखातल्या. आमच्याकडं पाऊस लागला की महिना महिना उघडत न्हाई. तिथं बुटकं, दाट केसाचं शेरडू लागतं. वर एकीचं नाक गळत व्हतं. मी त्या माणसाला सांगितलं, ह्या आमच्यात टिकायच्या न्हाईत. त्यापेक्षा औषधाला आन् शेरडांच्या खोपीवर चार पत्रे टाकायला काय मदत व्हईल का?

"फुकट मिळतंय ना? मग गप घ्या."

गप घेतलं. अंगठा उठवला. गळ्यात हार, हातात दावं, मागं संस्थेचा बोर्ड. फोटो काढला. शेळ्यांच्या कानात पिवळे बिल्ले ठोकले. विकायच्या न्हाईत, बदलायच्या न्हाईत. मेली तर बिल्ल्यासकट कान कापून आणायचा. न्हाईतर आमी विकून खाल्ली असं धरणार.

आखाडात शेरडांना खोकल्याची ढास सुरू झाली. नाकगळकीला आधी. खोपी गळत व्हती. सगळी शेरडं एकमेकांना चिकटून बसायची, माझी घरची तीनबी त्यांच्यातच. जनावरांचा डॉक्टर घोडेगावला, आन् एस्टीचा भरवसा न्हाई. औषध आणायला पदराला पैसा न्हाई. पंधरा दिवसांत त्या दोन्ही गेल्या. त्यांच्यामागं माझ्या दोन गेल्या. एक गाभण व्हती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून मी तिला चांदी म्हणायची. तिच्या करडांवर माझी वरसाची मीठमिरची भागायची.

संस्थेच्या दोन्ही शेळ्यांचे कान मी विळ्यानं कापले. फडक्यात बांधले. घोडेगावला त्यांच्या हापिसात नेले. दुपारपत्तर बाहेर बसवलं. मग त्याच कार्डवाल्यानं फडकं लांबूनच बघितलं. नाक दाबलं.

"आजी, तुम्हाला जनावर सांभाळता येत नाही का?"

मला. चालायला लागल्यापासून जिनं शेरडं राखली, तिला.

मी खाली मान घालून घरची वाट धरली. पण डोंगर चढताना अंगाचा भडका उडाला. त्याचा राग न्हाई, माझाच. दात दाखवायला तोंड उघडलं, मग बोलायला का न्हाई उघडलं?

पुढच्या साली पुन्हा मांडव. टेंपोत पुन्हा तसल्याच लांबकानी शेळ्या. माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले, आन् शाईचं पॅड बाजूला सारलं.

"शेळी नको. तिची किंमत माझ्या हातात द्या," मी म्हणलं. "पत्रे घेईन, औषध घेईन. उरलं तर माझं शेरडू मी बाजारात पारखून घेईन."

खुर्चीतले मोठे साहेब म्हणले, "रोख दिले तर तुम्ही लोक तंबाखूत घालवाल."

"तुमच्या शेळ्यांनी माझी दोन शेरडं मारली. तंबाखूनं अजून एकबी मारलं न्हाई."

कुणी हसलं न्हाई. मी माघारी फिरले. भिकादादा काठी टेकत माझ्या मागं आला. आमच्या डोंगरातली आणखी चौघं उठली.

यादीतून आमची नावं काटली. तो पावसाळा लई वाईट गेला. एकच शेरडू उरलेलं. ते चुलीपाशी बांधून जगवलं. भिकादादाचं शेरडू कड्यावरून गेलं. कडा जवळ आल्याचं दादाला दिसलंच न्हाई. वाडीतली काही म्हणायची, हिच्या जिभेनं सगळ्यांचं गेलं. मी ऐकून घ्यायची.

उन्हाळ्यात त्याच संस्थेतली एक कार्यकर्ती चालत वर आली. गळकी खोपी बघितली, चुलीपाशी बसून सगळं ऐकलं. जाऊन तिकडं भांडली असंल. कारण पावसाच्या आधी आमा सहा जणांना रोख पैसे मिळाले. ज्याच्या त्याच्या हातात.

मी खोपीवर पत्रे टाकले. औषध आणून ठेवलं. घोडेगावच्या बाजारात अर्धा दिवस हिंडून एक काळी बुटकी शेळी घेतली. भिकादादानं एक पाट, म्हंजी तरणी शेळी, घेतली आन् चष्मा केला.

चष्म्यावरून पेटलं. कार्डवाला वर आला. पैसे जनावरांसाठी व्हते म्हणला. दादाकडून चूक कबूल केल्याचा कागद मागत व्हता. दादा हात जोडून उठायला लागला. मी त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवला.

"दिसत नव्हतं म्हणून त्याचं शेरडू कड्यावरून गेलं," मी म्हणलं. "शेरडं राखायला डोळे लागतात. हे लिहा."

त्यानं लिहिलं न्हाई. कागद घडी घालून गेला.

माझी चांदी काय परत आली न्हाई. चुकलं म्हणून त्या साहेबांनी कधी तोंडातून काढलं न्हाई. पण तवापासून माझं ठरलंय. डोंगरात कुणी मदतीचा कागद घेऊन आलं की पयली मी जाते. उभी ऱ्हात न्हाई, समोर बसते. विचारते, काय देणार? शेरडं आणली असतील तर खाली न्या. पैसे असतील तर ज्याचे त्याच्या हातात ठेवा. काय घ्यायचं ते आमी ठरवू. आमचं चुकलं तर आमचं जनावर मरंल, त्याचं दुःख आमी करू. तुमच्या अकलेनं मात्र आता एकबी शेरडू मरू देणार न्हाई.