मासूमाचा तांबडा रंग

भद्रकालीच्या देवळामागच्या गल्लीत इनायत कातारी राहायचा. त्याचे पांगुळगाडे म्हणजे नुसता रंगांचा धिंगाणा! तांबडी चाकं, पिवळा दांडा, हिरवी मूठ. रांगतं पोर ते बघितल्याबरोबर आईच्या कडेवरून खाली उतरायला धडपडायचं. एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात ह्याच इनायतचं उजवं अंग लुळं पडलं आणि लाकूड कातायचा चरक थांबला.

धाकटा भाऊ शौकत चांदवडहून बघायला आला. जाताना भावजयीला म्हणाला, "भाभी, पुढच्या जुम्म्याला गाडी घेऊन येतो. चरक वडिलांचा आहे. इथं धूळ खाण्यापेक्षा माझ्याकडे चालेल तरी."

मासूमाचं डोकंच सणकलं. वीस वर्षं त्या चरकाची दोरी तिने ओढली होती. कातारी लोकांत वाटणी ठरलेली: बाईने दोरी ओढून लाकूड गरगर फिरवायचं, पुरुषाने पटाशीने ते कातायचं आणि लाखेची रंगीत कांडी टेकवून रंग चढवायचा. ती नवऱ्याला म्हणाली, "पटाशी मी धरते. तुम्ही डाव्या हाताने दोरी ओढा."

इनायत दिवसभर जेवला नाही. बायकांचं काम, ते त्याने करायचं? चार माणसांत तोंड कुठे दाखवायचं? पण चरक जाणार हेही त्याला खुपत होतंच. संध्याकाळी म्हणाला, "दार लावून घे. मग ओढतो."

दोरीचं एक टोक तिने लवचिक बांबूला बांधलं, म्हणजे ओढलेली दोरी तोच मागे खेचेल; दुसरं त्याच्या हातात दिलं, आणि घोटीच्या भागीबाईने नातीसाठी सांगितलेला पांगुळगाडा करायला घेतला. मंगळवारी भागीबाई बघायला आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

"अगं बया! हा रंग हाय का चुलीतली राख? ह्याला धरून माझी नात चालायची नाय, निजंल! शुक्रवारी दुपारी परत येते. जमत नसंल तर आत्ताच नाय म्हन."

"जमेल," मासूमा म्हणाली. बोलून बसली खरी, पण भागीबाई गेल्यावर तिला रडूच कोसळलं. लाख तीच, लाकूड तेच, मग मेला रंग असा आजारी का?

"कांडी भीत भीत टेकवतेस," इनायत म्हणाला.

"तुमचा हात दुखतो. दाबलं की दोरी जड जाते, म्हणून हळू घेते."

"माझी कीव करतेस होय?" तो असा कडाडला की शेजारची कोंबडी फडफडली. "लाख घासून तापते, तापली की वितळून पळते. हळू फिरवून, दबकत टेकवून तांबडा कधी चढलाय? मी ओढतो जीव खाऊन. तू दाब!"

मग तिनेही पदर खोचला. जुना रंग कातून काढला. बुधवार गेला, गुरुवार गेला. इनायतच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण तिने हात ढिला सोडला नाही. कांडी दाबून धरली, लाख वितळली, आणि तांबडा असा सळसळत लाकडावर चढला की तिच्याच अंगात हुशारी आली! वरून केवड्याचं पान घासलं, तेव्हा चाक लखलखायला लागलं.

शुक्रवारी सकाळी शौकत आला तेव्हा दोन चाकं तयार होती. त्याने एक उचललं, उजेडात धरलं, आणि खूश होऊन ओरडला, "भाईजान, हात परत आला की तुमचा! हा तांबडा दुसऱ्या कुणाचा असणार?"

चरक घरात राहतोय ना, मग नाव कुणाचं का होईना, असं मासूमाने मनाशी ठरवून टाकलं. इनायतने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"माझा हात गेला तो गेलाच," इनायत म्हणाला. "रंग हिचा आहे. मी दोरी ओढतो."

शौकतने हातातलं चाक जपून खाली ठेवलं. मासूमाचे डोळे भरून आले, पण रडायला सवड होती कुणाला? भागीबाई दुपारी येणार होती. तिने तिसरं चाक चरकावर चढवलं आणि दिराच्या समोर नवऱ्याला म्हणाली, "ओढा."

त्याने ओढली.