फक्त कार्यालयासाठी

जळगावला मी ज्या अक्कांकडे खोली घेऊन राहत होते, त्यांनी पहिल्यांदा माऊस हातात घेतला, तेव्हा तो टेबलावरून उचलून थेट पडद्याला टेकवला. "कोठे दाबू?" मला हसू आलं, पण मी ते वहीत लिहून ठेवलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मूळची धुळ्याची. बी.एस्सी. झाल्यावर जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. क्लासच्या सरांनी वधू-वर सूचक मंडळाचं काम आणलं. मुला-मुलींची माहिती इंटरनेटवर टाकायची, म्हणजे पुण्या-मुंबईची स्थळंही ती बघतील. तेव्हा इंटरनेट फार थोड्या घरांत होतं. जळगावचे लोक क्लासमध्ये येऊनच फॉर्म भरणार होते. "लोकांना सोपं वाटलं पाहिजे," सर म्हणाले, "बाकी तू बघ." एवढं मोठं काम त्याआधी कुणी माझ्यावर सोपवलं नव्हतं.

आधीच्या मुलाने बनवलेलं पहिलं पान म्हणजे लग्नाचा मांडव होता. गुलाबी रंग, हलणारं तोरण, वर सनई. ते उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मी तोरण काढलं, सनई बंद केली. मराठी अक्षरं दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की त्यांचे नुसते किडेमकोडे व्हायचे, म्हणून मथळे चित्रासारखे करून बसवले. मग संध्याकाळी अक्कांना आणि त्यांच्या मुलीला क्लासमध्ये बसवून मी मागे उभी राहायची आणि काही न बोलता बघायची. अक्का पडद्याच्या तळाशी येऊन थांबत. खाली अजून फॉर्म आहे हे त्यांना कळायचंच नाही. मग मी एका पानावर एकच प्रश्न ठेवला आणि खाली मोठं 'पुढे'. चुकून मागे गेलं तर भरलेलं पुसलं जायचं, तेही दुरुस्त केलं. महिनाभराने अक्का कुणाच्या मदतीशिवाय शेवटच्या पानापर्यंत पोचल्या आणि माझ्याकडे अशा वळून बघायला लागल्या, जणू गाडी चालवायला शिकल्या.

शेवटच्या पानावर एक पिवळी चौकट होती. वर लिहिलं होतं, 'फक्त कार्यालयासाठी'. घरचा फोन, आजारपण, आधी मोडलेलं लग्न, अशा गोष्टी तिथे लिहायच्या. समोरच्या घराने रीतसर विचारणा केली, तर मुलीच्या घरच्यांना विचारूनच त्या सांगायच्या, असं माझं आणि सरांचं ठरलं होतं. चौकटीची कल्पना माझीच.

अक्कांच्या मुलीच्या दंडावर कोडाचा डाग होता. ती माझ्याच वयाची, बालवाडीत शिकवायची, उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ब्लाउज घालायची. स्वतःचा फॉर्म भरताना चौकटीपाशी तिचा हात थांबला.

"हाई बठ्ठा लोक दखतीन का?" अक्कांनी विचारलं.

"नाही अक्का. हे कुणालाही दिसणार नाही. मी सांगते ना."

मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं.

मंडळाची वेबसाइट सुरू झाली. लोक यायला लागले, पटापट भरून जायला लागले. ज्या घरांतली माणसं आधी कां-कूं करायची, त्यांनाही मी तेच सांगितलं.

त्यानंतर वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी आठवडाभर धुळ्याला गेले. एका दुपारी ओळखीचे एक नाना वडिलांना बघायला आले. ते लग्नं जुळवायचे. आईने माझ्या चुलतभावासाठी स्थळ विचारलं, तसे त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. वरचा मथळा मी बसवलेला होता, छापताना शाई जरा पसरलेली.

"ही बघा," नाना म्हणाले, "मुलगी नोकरी करते, घरकामाला हुशार. पण कोड आहे हो. इथे लिहिलंय."

मी कागद ओढूनच घेतला. पान अक्कांच्या मुलीचं होतं. पिवळ्या चौकटीतलं सगळं तिच्या शिक्षणाखाली, उंचीखाली आलं होतं. फोन नंबरसुद्धा.

"तुम्हाला हे कुणी दिलं?"

"तुमच्याच क्लासच्या सरांनी. लई सोपं झालं बुवा. आता विचारत बसायला नको."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी जळगावला आले. सर क्लासमध्ये नवा प्रिंटर जोडत होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचलाही नाही.

"मुलाकडचे तक्रार करत होते, दर वेळी कार्यालयात यावं लागतं म्हणून. मंडळानेही सांगितलं, उघडं करा. तूच म्हणायचीस ना, लोकांना कमी दाबायला लागलं पाहिजे?"

"पण मी त्यांना शब्द दिला होता."

"शब्द तू दिलास. मी कुठे दिला?"

मी भांडले, रडलेसुद्धा. शेवटी अक्कांच्या मुलीचं पान त्यांनी काढलं. बाकीची ठेवली. मी राजीनामा दिला आणि तीन दिवस घरोघर फिरून लोकांना काय झालंय ते सांगितलं. एका घरात मला पाणीही विचारलं नाही. दुसऱ्या घरात म्हणाले, बरंच झालं, जास्त स्थळं येतील. एकीच्या वडिलांनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, आम्हाला कळलंय.

अक्कांना सांगायला मी सगळ्यात शेवटी गेले, घरातल्या घरात. त्यांना बाहेरून आधीच कळलेलं होतं. सावद्याच्या ज्या घराशी बोलणी चालली होती, त्यांचं पोस्टकार्ड येऊन पडलं होतं. दोन ओळी, योग नाही म्हणून.

"तुना भरोसावर लिखं," अक्का म्हणाल्या. एवढंच. त्या दिवसापासून त्यांनी मला चहाला हाक मारली नाही. जा असंही म्हणाल्या नाहीत.

मी सामान बांधत होते, तेव्हा मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"मी लपवणार नव्हते," ती म्हणाली. "सावद्याच्यांनाही सांगणारच होते. पण मी सांगणार होते. मी."

मला वाटलं होतं, ती सरांना चार शिव्या देईल, मग आम्ही दोघी एका बाजूच्या होऊ. तिने सरांचं नावही काढलं नाही. माझ्या ट्रंकेचं एक कडं धरून तिने ती रिक्षेपर्यंत पोचवायला मदत केली आणि आत गेली.

वर्षभराने पिंपळनेरकडच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. मला बोलावणं नव्हतं.