एकोणीस विळ्यांची नोंद

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही, कारण त्यात माझ्या हातून घोडचूक होता होता राहिली.

तेव्हा मी जळगावला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आदिवासी विद्यार्थ्यांची एक संघटना वसतिगृहाच्या मागणीसाठी सोमवारी मोर्चा काढणार होती. शनिवारी आमच्या खबऱ्याने मोबाइलवरचा त्यांचा एक संदेश दाखवला, ‘उद्या सकाळी सगळ्यांनी विळा घेऊन या.’ माझे कान टवकारले. रविवारी सकाळी चोपडा रस्त्यावर आम्ही त्यांची गाडी अडवली. एकोणीस जण, एकोणीस विळे. सगळ्यांना ठाण्यात आणलं आणि प्रतिबंधक कारवाईचे कागद तयार करायला सांगितले.

त्यांची पुढारी एम.ए.ला शिकणारी, पावरा समाजाची मुलगी. वनरक्षक म्हणून तिची निवड झाली होती, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. त्या कागदांवर माझी सही झाली असती तर तिची नोकरी गेलीच म्हणायची. महिला शिपायासमोर मी चौकशी सुरू केली.

“विळे कशाला?”

“ज्वारी कापायला, सर. आमच्या एका मित्राच्या वडिलांचा पाय मोडलाय आणि त्याची परीक्षा आहे.”

“मजुरी किती?”

“मजुरी नाही.”

“एकोणीस जण फुकट राबणार? मला शेंडी लावू नकोस.”

ती घाबरली होती, पण बोलायची थांबली नाही. “सर, पहिल्या वर्षी मी आडनावसुद्धा पुटपुटत सांगायचे. खोलीतल्या मुली आमच्या बोलीला हसायच्या. म्हणून आम्ही शनिवारी जमायला लागलो, नुसतं आपल्या बोलीत बोलायला. बोलता बोलता कळलं, प्रत्येकाचं दुखणं तेच आहे. मग निवेदनं दिली, आता मोर्चा. पण गावाची रीत सोडून पुढारपण करायचं नाही, असं आमचं ठरलंय.”

मला हे भाषण वाटलं. दाराशी आमचे हवालदार नाना उभे होते, चोपड्याकडचे. ते हळूच अहिराणीत म्हणाले, “सायेब, हाई लाहा शे. एखादा अडना का बठ्ठं गाव त्यानं वावर कापी देस. पैसा नई लेतस, फक्त जेवण.”

म्हणजे अडलेल्याचं शेत सगळ्या गावाने फुकट कापून द्यायची रीत. मी त्यांच्या मित्राच्या गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला. आज गावात काय आहे, एवढंच विचारलं.

“लाहा शे, सायेब. वीस जणस्नं जेवण शिजी गयं, पण पोरं आजून उनात नई.”

तिकडे जेवण तयार होतं, मुलं पोचली नव्हती, ती माझ्या ठाण्यात बसली होती. मी ओशाळलो. कागद बाजूला सारले आणि मुलांना जायला सांगितलं. सगळे उठले, ती उठेना.

“सर, आम्हाला का आणलं आणि काय निघालं, ते ठाणे डायरीत लिहा. नुसतं सोडलंत तर कुणी आमच्याविरुद्ध दिलेली खबर तेवढी कागदावर मागे राहील.”

मला राग आला. माझ्याच ठाण्यात ही मला काम शिकवते! पण तिचं खरं होतं. खबर गोपनीय शाखेकडे आधीच गेली होती. मी तिच्यासमोर नोंद केली आणि विळे परत दिले.

पुढे पडताळणीत नेमकी तीच खबर वर आली. तोवर माझी धुळ्याला बदली झाली होती. नव्या साहेबांनी डायरी काढली, माझी नोंद वाचली आणि तिचा अहवाल स्वच्छ गेला.

मोर्चा काढणारं पोर म्हणजे डोकेदुखी, असंच मी मानत आलो होतो. आपण कोण हे मोकळेपणी सांगायला शिकलेलं माणूस पोलिसालाही नीट वागायला लावतं, हे मला त्या मुलीने दाखवलं. ती आज सातपुड्यात वनरक्षक आहे. तिचे आभार मानायला मी कधी गेलो नाही, साहेबपणा आड आला. माझ्या हातून एका निरपराध मुलीचं वाटोळं झालं असतं आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता. बेटा, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.