क्वेक चुकीच्या रांगेत

सिंगापुरात रांग दिसली की आम्ही आधी उभे राहतो आणि मग विचारतो, इथे काय मिळतं? या विद्येत आमच्या इमारतीतल्या क्वेकचा हात धरणारा कोणी नाही. चौतीस वर्षं त्याने बस दुरुस्त केल्या. इंजिनाचा आवाज ऐकून तो नेमका बिघाड सांगायचा. खरेदीच्या वेळी मात्र तो कान बंद ठेवायचा आणि रांगेवर भिस्त टाकायचा. असे रांगेत उभं राहून घेतलेले तीन इयरफोन वर्षाच्या आत मुके झाले.

निवृत्त झाल्यावर त्याला एकच हौस उरली होती. तेओच्यू या चिनी बोलीतल्या संगीत नाटकांची गाणी ऐकायची, तीही अशी की मागची बारीक बासरीसुद्धा निसटू नये. त्यासाठी पंधराशे डॉलरचा इयरफोन हवा होता.

बायको गेक चू म्हणाली, "घे बाबा. पण हाही बिघडला, तर यापुढे तुझ्या चपलासुद्धा मी आणणार."

क्वेक चरकला. आपल्या वस्तू आपण आणायच्या, घरात त्याचं राज्य तेवढंच उरलं होतं.

साक्षीदार म्हणून त्याने मला सोबत नेलं. मॉलमधल्या चकचकीत दुकानात चिटपाखरू नव्हतं. समोरच्या जुनाट दुकानात वीस माणसांची रांग होती. क्वेक धावतच जाऊन उभा राहिला. दीड तासाने आमचा नंबर लागला.

"काय बिघडलंय, अंकल?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"काही नाही. नवा घ्यायचाय."

"मग इथे कशाला तिष्ठलात? ही दुरुस्तीची रांग. विक्री आमच्याच पलीकडच्या काउंटरवर, तिथे कोणीच नाही."

क्वेकचं तोंड बघण्यासारखं झालं. "वीसच्या वीस बिघडलेले? चल, पळ इथून!" तो माझ्यावरच खेकसला.

मागे एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. त्यांनी त्याला दटावलं, "थांबा हो! माझा अकरा वर्षांचा आहे, आज पहिल्यांदा वायर गेली. अकरा वर्षांनी वायर देणारं दुसरं दुकान दाखवा, चिकन राइस माझ्याकडून."

क्वेक तरातरा चकचकीत दुकानात गेला. "तीन वर्षांपूर्वीच्या मॉडेलची वायर मिळेल?"

विक्रेता गोड हसला. "अंकल, आता नवं मॉडेल आलंय ना!"

बसवाल्याला एवढं पुरे. जिचे सुटे भाग मिळत नाहीत, ती गाडी घ्यायची नाही. त्याने जुनाट दुकानातूनच इयरफोन घेतला. दहा वर्षांची वॉरंटी, पण ज्याचं नाव कार्डावर त्यालाच. क्वेकने नाव लिहिलं गेक चूचं.

घरी तिने कार्ड उलटसुलट पाहिलं. "माझं नाव कशाला?"

"मी एकाहत्तरचा, तू बासष्टची. चांगली वॉरंटी फुकट का घालवायची?"

मला हसू फुटलं. गेक चू हसली नाही. तिने कार्ड पर्समध्ये टाकलं आणि आत निघून गेली. तिला ते लागलं होतं, हे मला उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला ती घामाघूम होऊन परतली आणि तिने कार्ड क्वेकसमोर आपटलं. त्यावर आता त्याचं नाव होतं.

"दीड तास उभी होते," ती म्हणाली. "दहा वर्षं पुरी वसूल करायची, म्हाताऱ्या. तोवर कुठेही जायचं नाही."