डोळ्यांवर आलेली टोपी

टोपीकाका माणसाचं तोंड बघायच्या आधी डोकं बघत. कुवेतमध्ये अब्बासियातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटले, तेव्हा माझ्या कपाळाच्या वर कुठेतरी बघत म्हणाले, "साडेबावीस. डावीकडे जरा फुगीर. नाव काय गो तुझा?" मला रागच आला. घरी जाऊन डोक्याला टेप लावली, तर साडेबावीस इंचच भरलं.

काका मालवणच्या बाजूचे. फरवानियातल्या एका दुकानात ते रुंद कडेच्या, काउबॉय घालतात तसल्या फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, टोप्या हाताने बनवत. घोडे पाळणारे कुवेती तरुण, थंडीत वाळवंटात तंबू ठोकणारी मंडळी, एखाददुसरा अमेरिकन, असं गिऱ्हाईक. काका प्रत्येकाला खुर्चीत बसवत, डोळे मिटायला लावत आणि डोक्यावरून सावकाश दोन्ही हात फिरवत. "डोळे उघडे आसले की मनीस कपाळ ताणता, माप चुकता," असं त्यांचं म्हणणं. कोणी घाई केली की "शुवय शुवय, भाई", म्हणजे सावकाश सावकाश, म्हणून त्याला पुन्हा डोळे मिटायला लावत. मग दोरा गुंडाळून गाठ मारायची, त्या मापाचा लाकडी ठोकळा काढायचा आणि वाफ देत देत त्यावर फेल्ट ओढायचं.

त्यांचा मुदीर, म्हणजे दुकानाचा मॅनेजर, तयार टोप्याही विकत असे. सैल झाली तर आतल्या चामडी पट्टीमागे कागदाची घडी कोंबून देई. तेवढा वेळ काका दुकानाबाहेर जाऊन उभे राहत. "कागद भरून बसयलली टोपी दुसऱ्याची आसता," म्हणत.

मी इथे हॉस्पिटलात कर्करोगाच्या वॉर्डात नर्स आहे. काकींना गावी तोच आजार निघाला, तेव्हापासून काका रिपोर्टचे फोटो घेऊन माझ्याकडे येऊ लागले. काकींचे केस गेले हे कळल्यावर त्यांनी रिपोर्टचं काहीच विचारलं नाही. आठवड्याने एक टोपी घेऊन आले. मऊ राखाडी फेल्ट, आत सुती अस्तर. माप आठवणीनेच घेतलेलं. बावीस वर्षांच्या नोकरीत बायकोचं डोकं हाताला लागलं ते सुट्टीच्या महिन्यांतच, आणि ते गुडघ्यापर्यंतच्या केसांच्या अंबाड्यासकट. मी टोपी हातात घेतली, छान आहे म्हणाले. रोज अशी डोकी पुसणारी मी, केस गेले की माप उतरतं हे मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

गावी जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती टोपी पोचली. व्हिडिओ कॉलच्या वेळी मी तिथेच होते. काकींनी घातली आणि ती घसरून थेट नाकापर्यंत आली. "अवो, माका काय दिसणाच नाय!" म्हणून त्या हसत सुटल्या. काकाही हसले. फोन ठेवल्यावर मात्र भिंतीकडे बघत म्हणाले, "जगाची टकली मोजली. घरातलाच चुकला."

मी म्हटलं, काका, पट्टीमागे थोडा कापूस भरायला सांगू? ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला मुदीरची कागदाची घडी आठवली. शेवटी काकींच्या बहिणीने दोऱ्याने माप घेऊन कळवलं आणि काकांनी दुसरी टोपी केली. ती त्यांना स्वतःच्या हाताने घालायची होती. पण थंडीचा सीझन होता, ऑर्डरी होत्या, मुदीर सुट्टी सोडेना. टोपी खोक्यात तयार आणि काका रोज मला एकच विचारत, "मी वेळार पोचान मां गो?" मी रोज हो म्हणायचे. रिपोर्ट वाचलेले असूनही.

शेवटी नोकरीच सोडून गेले. विमानात खोकं मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. पोचल्यावर अकरा दिवस मिळाले.

महिन्याने त्यांचा फोन आला. मी त्या पहिल्या टोपीबद्दल माफी मागायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. "दुसरी घालूकच नाय गो तिणी. पयलीच बरी म्हणाली. डोळ्यांर येता, दिवसाची झोप लागता म्हणाली. ती घालूनच गेली." आणि पुढे, "मापाची खोक्यातच रवली. पयली बघलंस तेव्हा तू काय बोलूक नाय, ता बरा झाला."

मला बरं वाटावं म्हणून ते बोलले असतील. तसंच असेल. पण आता वॉर्डात कोणत्याही पेशंटच्या डोक्याला हात लावण्याआधी मी त्याला डोळे मिटायला सांगते, आणि कितीतरी वेळ काहीच बोलत नाही.