चाकांवरचा राजा

जत्रेतल्या राजाचा पुतळा दोन पुरुष उंच आणि आतून पोकळ. त्याच्या झग्याखाली शिरायचं, सांगाडा खांद्यावर घ्यायचा आणि सनईच्या तालावर गिरक्या घ्यायच्या, हे काम इसिद्रनं उभा जन्म केलं. द्राक्षमळ्यात राबायचा तो पोटासाठी. जगायचा मात्र ऑगस्टातल्या त्या एका दुपारसाठी. जोडीच्या राणीच्या पुतळ्याखाली, तिच्या घागऱ्यात, त्याचा मेहुणा असायचा. गेल्या हिवाळ्यात मेहुणा वारला आणि राणीला खांदा उरला नाही.

गावात उरलंय तरी कोण म्हणा! संत जुआनच्या सणाच्या रात्री पेटवायचा जाळ बंद पडला, कारण त्यावरून उड्या कोण मारणार, संधिवातवाले? नाताळात रिवाजाप्रमाणे लाकडाच्या ओंडक्याला बडवून त्याच्याकडून खाऊ काढायचा, तर बडवायला पोरं नाहीत.

सांगाडा उचलणारं कुणी मिळतं का बघत इसिद्र दारोदार फिरला. त्याला एकच हवं होतं. राजा-राणी वरच्या आळीत, त्याच्या बाल्कनीखाली नाचायला हवे होते. तिथे त्याची बायको रेमेई बसणार होती. राणीचा एकूण एक घागरा तिनं शिवलेला. आता तिचे पाय गेले होते, आणि पुढची जत्रा काही तिला दिसायची नाही, हे डॉक्टरांनी इसिद्रला एकट्याला सांगितलं होतं.

"मामा, माझी पाठ बघा हो," बार्सिलोनाहून सुट्टीला आलेला भाचा म्हणाला. "जिम वेगळं, हे वेगळं."

शेवटी पंचायतीच्या मरिओनानं तोडगा काढला. "दोघांना चाकं बसवलीत, इसिद्रकाका. ढकललं की झालं!"

"चाकांवर कुणी नाचतं का गं?"

"मग ठेवू कोठारातच?"

"आणि वरची आळी? तिथे पायऱ्या आहेत."

"मोठ्या रस्त्यानंच न्यायचे. दुसरा इलाज नाही, काका."

दुपारी राजा-राणी निघाले. इसिद्र हट्टानं राजाच्या झग्याखाली शिरलाच. खांद्यावर काही नाही, हात रिकामे, आपला नुसता चालत राहिला. बाहेर कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "यंदा राजा जरासुद्धा डुलत नाही हं!" ते ऐकून त्याला रडूच कोसळलं. आत कोण बघतंय!

आळीच्या पायऱ्या आल्या तसा तो झग्याखालून बाहेर पडला. राजा पुढे निघून गेला. हा धापा टाकत वर चढला. रेमेई कानात झुमके घालून बाल्कनीत बसली होती.

"सनई ऐकली मी," ती वरून म्हणाली. "येतायत ना रे?"

सांगाडा उचलल्यासारखे त्यानं खांदे ताठ केले आणि बाल्कनीखाली गिरकी घेतली. दुसऱ्या गिरकीला गुडघ्यानं दगा दिला. भिंतीला धरून तो कसाबसा सावरला आणि पुन्हा फिरू लागला.

रेमेई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं एकेक झुमका काढून मुठीत घेतला.

"ये आता वर," ती म्हणाली. "लोक हसतील."

आळीत हसायला कुणी नव्हतं.